परदेशी शिक्षणाचा खर्च कोणी उचलला?

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद येतं. कांद्याची बाजारपेठ आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम ही या गावाची ओळख. याच लोहमार्गावर पुढे मसूर आणि किर्लोस्करवाडी ही स्टेशनं आहेत. परदेशी शिक्षणाच्या इतिहासातली दोन मोठी नावं त्यांच्याशी जोडलेली आहेत.

साल 1901. साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकणारा भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसह मसूरला उतरला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांच्याकडे मुलं निघाली होती. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायात नवे बूट. जात कळताच एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार.

बारा वर्षांनी हाच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली: शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

त्या कराराने दार उघडलं आणि पुढे वाट अडवलीही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला कोणी जागा देईना. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज यांच्या जोरावर. 1923 साली डी.एस्सी. मिळाली.

किर्लोस्करवाडीची गोष्ट वेगळी. 1910 साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या 32 एकर माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. मुलगा शंतनुराव बोस्टनजवळच्या एमआयटीतून 1926 साली यांत्रिक अभियंता झाला. त्याच्या विद्येची घरचा कारखाना वाट पाहत होता. आंबेडकरांच्या पाठीशी असं काहीच नव्हतं.

आज महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं, ती राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने. लोणंदच्या मुलामुलींनी विद्यापीठाचं नाव ठरवण्याआधी घरच्यांसोबत बसून फी, राहण्याचा खर्च, पैशांची मुदत आणि कर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अटी कागदावर मांडाव्यात. एखादं वर्ष वाढलं तर पैसे कुठून येतील, हेही त्याच कागदावर लिहावं.