एकमताची किंमत

संगणकाचा प्रोसेसर जलद आणि त्याची स्मृति मंद, ही तक्रार जुनीच. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं उपाय सुचविला: मोठ्या स्मृतीपुढें एक छोटी, जलद स्मृति ठेवावी व वारंवार लागणाऱ्या मजकुराची नक्कल तींत राखावी. १९६८ मध्यें आयबीएमनें ही योजना सिस्टीम ३६०, मॉडेल ८५ या यंत्रांत आणली. हीच ती कॅश.

परंतु नक्कल सर्वत्र चालत नाहीं. स्मृतीच्या पत्त्यांपैकीं कांहीं बाह्य उपकरणांचे असतात. तेथें नक्कल वाचणें म्हणजे कालच्या पत्रावरून आजची प्रकृति सांगणें. म्हणून १९९५ च्या पेंटियम प्रोमध्यें, कोणत्या भागाची नक्कल करावी व कोणत्याची नाहीं, याच्या नोंदी इंटेलनें प्रोसेसरच्याच पोटांत ठेविल्या. येथेंच पेंच पडला. एका यंत्रांत दोन प्रोसेसर असले, तर नोंदवह्याही दोन! त्यांत फरक पडल्यास एक प्रोसेसर शिळी नक्कल खरी मानी, दुसरा मूळ वाची. कांहीं यंत्रांतील आरंभींची आज्ञावली तर पहिल्याच प्रोसेसरच्या नोंदी भरून थांबे.

लिनक्स या कार्यप्रणालीनें योजिलेला मार्ग मार्मिक आहे. नोंद बदलावयाची झाली, कीं सर्व प्रोसेसरांना एकत्र थांबवावयाचें, कॅश रिकामी करावयाची, प्रत्येकानें तीच नोंद लिहावयाची आणि मग सर्वांनीं एकदमच पुढें निघावयाचें. वेगासाठीं निर्मिलेल्या यंत्रासही एकमतासाठीं क्षणभर थांबावें लागतें. तेवढी किंमत न दिल्यास त्या वेगानें मिळालेल्या उत्तरावर विश्वास कोणीं ठेवावा?