कौटुंबिक साहसपट व सुपरहीरोपट

लहान मुले व मोठी माणसे यांनी एकत्र बसून पाहावेत अशा बेताने रचलेले, संकट, पराक्रम आणि सुटका यांभोवती फिरणारे चित्रपट. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ (१९७७), रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ (१९७८) आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) यांनी हा प्रकार व्यापारी चित्रपटसृष्टीच्या मध्यभागी आणला. पुढच्या दशकांत त्याचा सूर पालटला. या पालटाबद्दलचा रूढ समज असा, की पूर्वीचे चित्रपट हलकेफुलके होते आणि आताचे गडद झाले आहेत. हा समज अपुरा आहे. भीती आणि मृत्यू या चित्रपटांत पहिल्यापासून होते. पडद्यावर भीती उभी केल्यावर लहान प्रेक्षकाला तिच्यातून बाहेर काढण्याची जबाबदारी मात्र उत्तरोत्तर सैल होत गेली, आणि त्यामागे कलावंतांच्या बदलत्या अभिरुचीइतकाच, किंबहुना अधिक, प्रमाणपत्रांचा आणि बाजाराचा वाटा आहे.

डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये आरंभीच एक संपूर्ण ग्रह नष्ट होतो आणि तान्हे मूल आईबापांना मुकते. पुढे त्याला वाढवणारे जोनाथन केंट हृदयविकाराने जातात, आणि शेवटाकडे भूकंपात त्याची प्रेयसी लोइस लेन मातीखाली गुदमरून मरते. एवढे मृत्यू असूनही हा चित्रपट मुलांचा वाटतो, कारण त्यातला प्रत्येक मृत्यू कोणाचा तरी असतो. अंगात इतके बळ असूनही वडिलांना वाचवता आले नाही, ही क्लार्कची, म्हणजे सुपरमॅनची, खंत चित्रपट सावकाश ऐकून घेतो, आणि काळ उलटा फिरवून लोइसला परत आणण्याचा त्याचा हट्ट त्याच खंतीतून उगवतो. शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) तर बॉम्बस्फोटात टीना ही चिमुरडी दगावते. हिंदी चित्रपटातला तो अतिशय कठोर प्रसंग आहे. तरीही घरातली सगळी मुले तिच्यासाठी रडतात, आणि खलनायक मोगॅम्बोविरुद्धच्या लढ्याला त्या दुःखातूनच अर्थ येतो. ब्रॅड बर्ड यांच्या ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये (२००४) आई आपल्या मुलांना स्पष्ट बजावते, की हे शत्रू तुम्ही लहान आहात म्हणून हात आखडता घेणार नाहीत. धोका खरा आहे हे मुलांपासून लपवलेले नाही, पण त्या धोक्यात एकमेकांना सांभाळणारे कुटुंब सतत नजरेसमोर ठेवले आहे.

सूर बदलण्याचे एक मोठे कारण १९८४ साली घडले. अमेरिकेत वयोगटानुसार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत १९६८ पासून होती, पण पालकांच्या मार्गदर्शनाने कोणीही पाहावा असा पीजी गट आणि सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाकारणारा आर गट यांच्यामध्ये काहीच नव्हते. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मधले छातीतून हृदय उपटून काढण्याचे दृश्य आणि ‘ग्रेम्लिन्स’मधली हिंसा पीजी प्रमाणपत्रावर झळकली, तेव्हा पालक संतापले. या दोन्ही चित्रपटांशी संबंध असलेल्या स्पीलबर्ग यांनीच मधल्या गटाची सूचना केली आणि त्या वर्षीच्या जुलैपासून पीजी-१३ अस्तित्वात आले. हेतू पालकांना सावध करण्याचा होता, परिणाम निराळा झाला. या गटात मुलांना तिकीट मिळते आणि किशोरांना ‘हे बाळबोध नाही’ अशी हमीही मिळते, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले. जे प्रमाणपत्र इशारा म्हणून जन्मले, तेच महागड्या साहसपटांचे उद्दिष्ट बनले. ब्रिटनमध्येही असेच घडले. तिथे १९८९ साली ‘बॅटमॅन’च्या निमित्ताने चित्रपटगृहांसाठी ‘१२’ हा गट सुरू झाला, आणि २००२ साली ‘स्पायडर-मॅन’ पाहता न आलेल्या लहानग्यांच्या पालकांनी तक्रारी केल्या. त्याच वर्षी मोठ्यांच्या सोबतीने बारा वर्षांखालील मुलांना आत सोडणारा ‘१२ए’ गट देशभर लागू झाला.

बॅटमॅनच्या चित्रपटांचा प्रवास पाहिला, की बाजार कसा सूर लावतो हे उघड दिसते. टिम बर्टन यांचा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) मुलांच्या जेवणासोबत मिळणाऱ्या खेळण्यांतून विकला जात होता, पण पडद्यावर खलनायक पेंग्विनचे विद्रूप, काळे दुःख होते. पालकांनी हरकत घेतली, आणि पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन जोएल शूमाकर यांच्याकडे गेले. त्यांचा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९७) इतका भडक आणि खेळण्यांच्या सोयीचा निघाला, की मालिकाच थांबली. क्रिस्टोफर नोलन यांनी २००५ मध्ये ती गंभीरपणे पुन्हा उभी केली आणि ‘द डार्क नाइट’ने (२००८) जगभरात शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी ब्रिटिश प्रमाणन मंडळाकडे सर्वाधिक तक्रारीही याच चित्रपटाबद्दल आल्या. प्रौढांसाठी तो उत्तम चित्रपट आहे, मात्र त्याच्या नायकाचे चित्र सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरावर होते. मालाची जाहिरात एका वयासाठी आणि कथा दुसऱ्याच वयासाठी, ही फारकत तेव्हापासून नेहमीची झाली.

या फारकतीचा कळस झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये (२०१३) दिसतो. मेट्रोपोलिसच्या इमारती कोसळतात आणि त्यांतल्या माणसांची विचारपूस जवळजवळ होत नाही. डॉनर यांच्या चित्रपटात एकेक जीव मोजला जातो, इथे शहर हा केवळ युद्धाचा पडदा उरतो. निर्मात्यांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या (२०१६) सुरुवातीच्या भागात तोच विध्वंस जमिनीवरून, धुळीत सापडलेल्या माणसांच्या पातळीवरून दाखवला आहे. उलट टोकाला मार्व्हलचे चित्रपट विनोदी असल्यामुळे कौटुंबिक मानले जातात, पण विनोद म्हणजे जबाबदारी नव्हे. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या (२०१८) शेवटी विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात, आणि त्याची उकल पाहायला लहान प्रेक्षकाला वर्षभर थांबावे लागले.

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मूळ चित्रकथाच गडद होत्या. हे खरे आहे. १९३९ मधल्या बॅटमॅनच्या आरंभीच्या कथा कठोर होत्या, चित्रकथांसाठीच्या १९५४ च्या आचारसंहितेने त्यांना सौम्य केले, आणि १९८६ साली फ्रँक मिलर, अ‍ॅलन मूर या चित्रकथाकारांनी प्रौढ वळण पुन्हा दिले. पण मिलर आणि मूर यांची पुस्तके प्रौढ वाचकासाठी होती आणि तशीच विकली गेली. ‘लोगन’ (२०१७) किंवा ‘जोकर’ (२०१९) या आर गटातल्या चित्रपटांनी हाच प्रामाणिकपणा दाखवला, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. दुसरा आक्षेप असा, की आजची मुले अधिक धीट आहेत, त्यांना जपत बसू नये. मुलांना भीतीपासून दूर ठेवावे असे इथे म्हणायचेच नाही. ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१८) मायल्सच्या डोळ्यांदेखत त्याचा काका मरतो, तरीही चित्रपट पीजी गटातच राहतो आणि ऑस्करही मिळवतो. मुलाच्या धीटपणावर विश्वास ठेवणे आणि त्याला एकटे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतात २०२३ च्या चलचित्र सुधारणा कायद्याने यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. सात वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच शिक्क्याखाली मोजणाऱ्या जुन्या व्यवस्थेपेक्षा हे निश्चितच चांगले आहे. तरी अमेरिकेचा अनुभव सांगतो, की कोणताही गट निर्माण झाला, की बाजार त्याच्या वरच्या काठाशी येऊन उभा राहतो. म्हणून एखादा साहसपट कौटुंबिक आहे की नाही हे ठरवताना शिक्का, रंगांची उजळता किंवा विनोदांची संख्या पुरेशी नाही. संकटात सापडलेल्या सामान्य माणसाकडे नायक वळून पाहतो का, मेलेल्याचे दुःख कोणी करते का, आणि मुलाच्या मनात जागवलेल्या भीतीची उकल त्याच चित्रपटात होते का, या तीन प्रश्नांवर हा निर्णय व्हायला हवा.