सिमला ऑफिसचा फुगा

वसईतल्या नंदाखालच्या एखाद्या वाडीत भर दुपारी उभे राहावे. पायाशी केळीच्या आळ्यातली ओल, शेजारी बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या लहान तळ्याचे, हिरवे पाणी, अर्नाळ्याच्या बाजूने येणारा खारा वारा. डोक्यावरच्या आकाशात जेवढा ओझोन आहे तेवढा सगळा खाली आणून जमिनीलगतच्या दाबाला बसवला, तर त्याचा थर जेमतेम अडीच मिलिमीटरचा होईल. नारळाची करवंटीसुद्धा त्याहून जाड भरते. उन्हातले सर्वांत घातक अतिनील किरण अडतात ते एवढ्याशा ऐवजात.

हा ऐवज मोजण्याचा उद्योग महाराष्ट्रात वाढला तो पुण्यात. 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या कचेरीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे चौकालाही तेच नाव चिकटले. त्याच सुमारास ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन ओझोन मोजणारी आपली उपकरणे जगात मोजक्या ठिकाणी पाठवत होते. त्यांतले एक कोडाईकनालला आले. युक्ती साधी होती. सूर्यप्रकाशातल्या दोन तरंगलांबी घ्यायच्या, एक ओझोन पुष्कळ गिळतो ती आणि दुसरी बरीचशी सोडून देतो ती. दोन्हींतल्या तफावतीवरून वरच्या थराची जाडी निघते.

भारतात या मोजणीला शिस्त लावली ती सी. व्ही. रामन यांचे शिष्य के. आर. रामनाथन यांनी. हवामान खात्यात असताना विषुववृत्ताजवळचे वरचे आकाश युरोपपेक्षा वेगळे वागते, हे त्यांनी दाखवून दिले होते. ओझोनच्या कामात त्यांच्या जोडीला आर. व्ही. करंदीकर होते. कमी अक्षांशांवर ओझोन कोणत्या उंचीला किती असतो, यावरचा दोघांचा निबंध 1949 साली प्रसिद्ध झाला. रामनाथन तोवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले होते. तिथे आर. एन. कुलकर्णी यांनी त्यांच्याबरोबर हेच काम पुढे नेले.

पण जमिनीवरून मोजणे वेगळे आणि वर जाऊन मोजणे वेगळे.

1948 साली अ‍ॅना मणी पुण्यात रुजू झाल्या. त्रावणकोरातल्या पीरमेडच्या या बाईंनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या प्रकाशावर काम केले होते आणि लंडनला जाऊन हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला होता. तोवर खात्यातली साधी साधी उपकरणेही विलायतेहून येत. मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांची प्रमाणित रेखाटने तयार करून घेतली आणि ती इथेच बनवण्याचा घाट घातला. साठच्या दशकात पाळी आली ओझोनसाँडची. फुग्याला बांधून वर सोडलेले हे यंत्र परत हाती लागेलच असे नसते. दर उड्डाणाला परदेशी यंत्र गमावणे परवडण्यासारखे नव्हते. खात्यातल्या सी. आर. श्रीधरन यांनी घडवलेल्या भारतीय ओझोनसाँडची माहिती 1968 साली प्रसिद्ध झाली.

त्याची करामत एका छोट्या डबीत असते. एवढासा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतो. हवेतला ओझोन द्रावणातले आयोडीन मोकळे करतो आणि तेवढ्यापुरता बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. ओझोन जास्त तर प्रवाह जास्त. आकडे रेडिओवरून खाली येत राहतात. तीसेक किलोमीटरवर फुगा फुगून फुगून फुटतो आणि त्या दिवसाचे काम संपते. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमहून असे फुगे वर्षानुवर्षे सुटत राहिले.

मणी 1976 साली निवृत्त झाल्या. त्याच्या दोन वर्षे आधी मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी इशारा दिला होता, की फ्रिजमधला आणि स्प्रेच्या डब्यांतला निरुपद्रवी समजला जाणारा सीएफसी वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. मे 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे भगदाड जाहीर केले. तेही सापडले ते डॉब्सनच्याच यंत्राने हॅली बे तळावर 1957 च्या सुमारापासून चिकाटीने घेतलेल्या नोंदींतून. वसईच्या आकाशात तसे भगदाड पडले नाही, पण ते पडले त्या खंडावर भारताचाही तळ होता. आधी दक्षिण गंगोत्री आणि मग मैत्री, इथूनही भारतीय ओझोनसाँड वर गेले.

16 सप्टेंबर 1987 रोजी सीएफसीसारख्या वायूंना लगाम घालणारा माँट्रियलचा करार झाला, तेव्हा भारत त्यात नव्हता. वायू सोडले श्रीमंत देशांनी, मग नव्या तंत्राचा खर्च आमच्या माथी का, हा दिल्लीचा सवाल होता. 1990 च्या लंडन बैठकीत गरीब देशांसाठी निधी ठरला आणि 1992 साली भारत करारात आला. 1 ऑगस्ट 2008 पासून देशातले सीएफसीचे उत्पादन थांबले, तेही ठरलेल्या मुदतीच्या 17 महिने आधी. दम्याच्या पंपांपुरती सवलत तेवढी उरली.

कराराची खरी परीक्षा झाली ती फ्रिज दुरुस्तीच्या दुकानांत. जुना गॅस हवेत सोडून द्यायचा आणि नवा भरायचा, ही तिथली वहिवाट होती. सरकारी प्रशिक्षणात मेकॅनिकांना तो सिलिंडरमध्ये परत ओढून घ्यायला शिकवले गेले. मुंबईच्या गोदरेजसारख्या कंपन्या हायड्रोकार्बनकडे वळल्या. इतरत्र आर-12 या सीएफसीची जागा आर-134ए ने घेतली. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो, म्हणून याच कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही आवर घातला. आता घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला सोसतो आणि हवेला फारसा तापवत नाही, पण पेट घेतो. त्यामुळे नव्या फ्रिजला हात लावणारा मेकॅनिक आधी खोलीची खिडकी उघडतो आणि जवळपास देवापुढे दिवा पेटलेला नाही ना, हे पाहून घेतो.