स्वनिर्मित हत्यारे व यंत्रे : संगणकीय आरेखन आणि बांधणी

घरच्या किंवा लहान वर्कशॉपमध्ये वापरण्यासाठी कारागिराने स्वतः आखलेली आणि स्वतः बांधलेली हत्यारे, जिग, फर्मे व यंत्रे यांचा समावेश स्वनिर्मित हत्यारांत होतो. ड्रिलखालच्या साध्या टेकूपासून लाकडी बँडसॉ, राउटरसाठीचा पँटोग्राफ, लहान लेथ आणि थ्रीडी प्रिंटरपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत ही हत्यारे आधी संगणकावर त्रिमितीत उभी करून मग लाकूड-लोखंडात उतरवण्याची पद्धत रूढ झाली. संगणकावर मिलिमीटरच्या शतांशापर्यंत माप देता येते, म्हणून हत्यारही तितकेच अचूक बनते, असा या पद्धतीविषयी सर्वसाधारण समज आहे. तो पुराव्यापुढे टिकत नाही. हत्याराची अचूकता बांधणीच्या क्रमातून, भरवशाच्या संदर्भपृष्ठांतून आणि जुळवणीच्या सोयीतून येते. मापांमधली नाती सांभाळणे आणि सामान कापण्याआधी चुका उघड करणे हे संगणकीय प्रतिरूपाचे खरे काम आहे. बांधणीचे काम आणि प्रतिरूपाचे काम यांची सरमिसळ केली की पडद्यावर देखणे दिसणारे यंत्र प्रत्यक्षात थरथरते. ती वेगळी ठेवली तर साध्या प्लायवूडचे यंत्रही वर्षानुवर्षे काम देते.

अचूकतेचा इतिहास : आरेखन आणि अचूकता या भिन्न गोष्टी आहेत, हे यंत्रनिर्मितीच्या इतिहासातच दिसते. हेन्री मॉडस्ली यांनी १८०० च्या सुमारास लंडनमध्ये आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्यासाठी लागणारा अचूक स्क्रू कोठे तयार मिळत नव्हता. असलेल्या स्क्रूवरून त्याहून चांगला, आणि त्यावरून आणखी चांगला, अशा पायऱ्यांनी तो घडवावा लागला. मॉडस्ली यांच्या हाताखाली काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये सपाट पृष्ठ मिळवण्याची तीन पाटांची पद्धत मांडली. दोनच पाट एकमेकांवर घासून जुळवले, तर एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट राहूनही ते नेमके बसू शकतात. तीन पाट आळीपाळीने एकमेकांशी जुळवले आणि प्रत्येक जोडी जुळली, तर तिन्ही सपाट असण्यावाचून गत्यंतर नसते. येथे सपाटी कागदावरच्या रेषेतून आलेली नाही. ती तुलनेच्या युक्तीतून आली आहे. हीच परंपरा घरगुती वर्कशॉपपर्यंत आणली ती डेव्हिड गिंजरी या अमेरिकन कारागिराने. १९८० पासून निघालेल्या त्यांच्या सात पुस्तकांच्या मालिकेत कोळशाच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम वितळवून लेथ, शेपर, मिलिंग यंत्र कसे बांधावे, हे क्रमाने सांगितले आहे. आधी भट्टी, मग लेथ, मग त्या लेथच्या मदतीने पुढचे यंत्र असा तो क्रम. ओतलेला भाग ओबडधोबड असला तरी चालतो, कारण सरकणारी पृष्ठे नंतर हाताने खरवडून जुळवायची असतात. या साऱ्या कामात संगणक कोठेही नव्हता, तरी यंत्रे चालली.

आरेखनाची साधने : मग संगणकाने कोणती भर घातली? आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅड या कार्यक्रमात त्याचे उत्तर आहे. पडद्यावर रेष काढता येणे हा त्याचा वरवरचा विशेष होता. ‘या दोन रेषा समांतर राहोत’, ‘या बाजू समान राहोत’ अशा अटी घालता येणे आणि आकृती बदलली तरी संगणकाने त्या पाळणे, ही त्यामागची मोठी कल्पना होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या प्रो-इंजिनिअरने आणि १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने हीच कल्पना घन वस्तूंना लावली. परंतु ही साधने कारखान्यांना परवडणारी होती, घरगुती कारागिराला नव्हती. २००६ मध्ये गूगलने स्केचअप विकत घेऊन त्याची मोफत आवृत्ती दिली, तेव्हा सुतारकाम करणाऱ्या हौशी लोकांपर्यंत त्रिमितीय आरेखन पोहोचले. २००२ पासून विकसित होत असलेले मुक्त स्रोताचे फ्रीकॅड आणि आकृतीऐवजी सूचना लिहून घनाकार बनवणारे ओपनस्कॅड यांमुळे अटींवर आधारलेले आरेखनही विनामूल्य झाले. त्याचा उपयोग एका साध्या उदाहरणात दिसतो. बाजारात १८ मिमी म्हणून मिळणारे प्लायवूड व्हर्निअरने मोजले तर अनेकदा थोडे कमी-जास्त भरते. प्रतिरूपात जाडी हा एक नामांकित आकडा असेल, तर तो एका ठिकाणी बदलताच प्रत्येक खाच, प्रत्येक सांधा आणि कापायच्या तुकड्यांची यादी आपोआप बदलते. कागदी आराखड्यात हीच दुरुस्ती वीस ठिकाणी करावी लागते, आणि एकविसावी जागा हमखास राहून जाते.

बँडसॉचे उदाहरण : कॅनडातील अभियंता-सुतार मॅथायस वांडेल यांनी लाकडी चौकटीचे बँडसॉ बांधून त्यांचे आराखडे जगभरच्या कारागिरांना उपलब्ध करून दिले. अशा यंत्राची मापे एकमेकांत किती गुंतलेली असतात ते हिशेबाने पाहता येते. ४०० मिमी व्यासाची दोन चाके आणि त्यांच्या आसांमध्ये ८०० मिमी अंतर धरले, तर पात्याची लांबी अंतराची दुप्पट अधिक एका चाकाचा परीघ, म्हणजे सुमारे २,८५७ मिमी येते. तयार लांबीचेच पाते मिळत असेल, तर हिशेब उलटा करून पात्याच्या लांबीवरून आसांमधले अंतर काढावे लागते. ०.५ मिमी जाडीचे पोलादी पाते ४०० मिमीच्या चाकावर वाकताना त्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन वाक-प्रतिबल निर्माण होते. चाक २५० मिमीचे केले तर ते ४०० वर जाते. पाते सेकंदाला १५ मीटर वेगाने धावत असेल, तर त्याचा प्रत्येक भाग मिनिटाला सहाशेहून अधिक वेळा वाकतो. लहान चाकांच्या यंत्रावर जाड पाती लवकर का तुटतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पाते १२ मिमी रुंद असेल आणि ते दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन इतके ताणले, तर त्याच्या दोन पदरांमुळे वरच्या चाकाच्या आसावर सुमारे १,२०० न्यूटन भार येतो, म्हणजे १२० किलो वजन कायमचे टांगलेले. चौकटीचे लाकूड हा भार पेलण्याइतके ताठ हवे. वाकण्याच्या दिशेने त्याची खोली दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. मोटरचेही तसेच. ६० हर्ट्झच्या विजेसाठी आखलेल्या अमेरिकन-कॅनेडियन आराखड्यात मोटर मिनिटाला सुमारे १,७२५ फेरे घेते, तर भारतातल्या ५० हर्ट्झवर चार ध्रुवांची मोटर सुमारे १,४४० फेरेच घेते. पुली तशाच ठेवल्या तर पात्याचा वेग सुमारे एक षष्ठांशाने घटतो. नाती नोंदवलेल्या प्रतिरूपात हा फरक पुलीच्या व्यासात लगेच उतरवता येतो. नुसत्या चित्रात तो दिसतही नाही.

बांधणीतील अचूकता : याच बँडसॉचे चाक नेमके गोल कसे होते, हे पाहिले की अचूकतेचा उगम कळतो. प्लायवूड किंवा एमडीएफचे चाक आधी ढोबळ कापतात, मग ते त्याच्याच आसावर, त्याच्याच बेअरिंगांत फिरवून पटाशीने त्याची कड साफ करतात. भोक किंचित बाजूला पडले असले तरी हरकत नाही; कड आपोआप आसाशी समकेंद्री होते. त्यानंतर वरच्या चाकाचा कल बदलण्याचा स्क्रू आणि पाते ताणण्याची सोय राहिलेली चूक सांभाळून घेतात. राउटरसाठीच्या पँटोग्राफमध्ये हे तत्त्व आणखी स्पष्ट आहे. क्रिस्टोफ शायनर यांनी १६०३ मध्ये योजलेल्या, आकृती लहान-मोठी करून उतरवणाऱ्या पँटोग्राफचा आधार घेऊन वांडेल यांनी बांधलेल्या यंत्रात फर्मा प्रत्यक्ष सांध्याच्या दुप्पट आकाराचा असतो. त्यामुळे फर्म्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूक लाकडात पाव मिलिमीटर उरते. एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये बाथ विद्यापीठात सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पाची रचनाही हेच सांगते. स्वतःचे भाग स्वतः छापणाऱ्या त्या प्रिंटरचे प्लास्टिकचे सांधे संगणकीय प्रतिरूपावरून छापले जातात, पण ज्यावर अचूकता अवलंबून असते ते गुळगुळीत गज, बेअरिंग आणि मोटरी कारखान्यात बनलेल्या असतात. म्हणून चांगले प्रतिरूप काढताना आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणता भाग विकत घ्यायचा, कोणता जागेवर घासून-कातून जुळवायचा, आणि कोठे स्क्रूने सरकवण्याची जागा ठेवायची. ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग कोठेही घेतले तरी आतून २० मिमी, बाहेरून ४७ मिमी आणि १४ मिमी जाडच असते. अशा स्थिर मापांभोवती बाकीचे प्रतिरूप विणणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिरूपाच्या मर्यादा : पडद्यावरचे लाकूड हवामान ओळखत नाही. खरे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ बदलत नाही. कोकणात जुलैमध्ये घट्ट बसवलेला सरकता भाग मे महिन्यात खडखडतो तो यामुळे. घरगुती संगणकावर ताणाचे विश्लेषण करणारे कार्यक्रम बहुधा पदार्थ सर्व दिशांनी सारखाच धरतात. पोलादाला हे गृहीतक लागू पडते. लाकूड आडव्या दिशेला उभ्या दिशेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी ताठ असते, त्यामुळे रंगीत आलेखात सुरक्षित दिसलेला सांधा प्रत्यक्षात रेषेवर फाटू शकतो. छापील प्लास्टिकची अडचण वेगळी. सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि सततच्या भाराखाली हळूहळू सरकते. तापणाऱ्या मोटरजवळ किंवा पट्ट्याच्या ताणाखाली ते भरवशाचे नाही. कागदावर मूळ आकारात छापून प्लायवूडवर चिकटवलेला फर्माही तपासल्याशिवाय वापरू नये, कारण प्रिंटर माप किंचित लहान-मोठे करतो. पानावर १०० मिमीची रेघ छापून ती पट्टीने मोजणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आक्षेप : पहिला आक्षेप अनुभवी कारागिरांचा आहे. जुन्या मिस्त्रींनी संगणकाविना, कित्येकदा कागदाविनाही उत्तम हत्यारे घडवली, ती गुण्या आणि ओळंब्याच्या बळावर. हे पूर्ण खरे आहे, आणि वर मांडलेल्या मताला त्याने बळच मिळते. अचूकता हातात आणि पद्धतीत होती. मात्र मिस्त्रीच्या डोक्यातली नाती त्याच्या शागिर्दालाच मिळत, तीही वर्षांच्या सहवासाने. प्रतिरूप ती नाती दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसालाही तपासण्यासाठी खुली करते. दुसरा आक्षेप खर्चाचा : तयार यंत्र स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशाला? फक्त पैशांचा हिशेब केला तर साध्या ड्रिल स्टँडसाठी आक्षेप योग्य आहे. पण विशिष्ट कामासाठीचे जिग बाजारात नसतेच, आणि स्वतः बांधलेले यंत्र बिघडले तर बांधणाऱ्याला ते दुरुस्त करता येते. तिसरा आक्षेप असा की प्रतिरूपण शिकण्यात जाणाऱ्या वेळेत हत्यार बनूनही होते. चार तुकड्यांच्या जिगसाठी हे मान्य करावे. तेथे कागद-पेन्सिलच श्रेष्ठ. फिरणारे भाग, एकमेकांवर अवलंबून असलेली मापे किंवा पुन्हा बांधण्याचा संभव असेल, तेथे प्रतिरूपाचा वेळ वसूल होतो.

सुरक्षितता : सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला पळवाट नाही. घरी बांधलेल्या यंत्राची कोणीही चाचणी घेतलेली नसते. म्हणूनच पात्याचे आच्छादन, पट्ट्याचा पिंजरा आणि हात पोहोचेल असे बंद करण्याचे बटण हे प्रतिरूपाचे पहिल्या दिवसापासूनचे भाग असावेत. नंतर जोडायचे म्हणून ठेवलेले आच्छादन बहुधा कधीच जोडले जात नाही. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये यासाठी नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर आणि नीट अर्थिंग आवश्यक आहे. वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडिंग चाकाचा किंवा गोल करवतीचा आस छापील प्लास्टिकचा करू नये. तेथे तयार पोलादी भागच वापरावेत.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करत शिकणे हा तेथील शिक्षणाचा पाया आहे. एमआयटीतील नील गर्शेनफेल्ड यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या फॅब लॅबच्या जाळ्यातील अगदी सुरुवातीची एक प्रयोगशाळा २००२ मध्ये येथे सुरू झाली. वेल्डिंग आणि सुतारकाम शिकणारे ग्रामीण विद्यार्थी आणि संगणकीय आरेखन यांना एका छपराखाली आणणारी ही मांडणी योग्य दिशा दाखवते, कारण दोहोंपैकी एक येणाऱ्याला दुसऱ्याची मर्यादा कळत नाही. आयटीआय, तंत्रनिकेतने आणि शाळांच्या वर्कशॉपनी तिचे अनुकरण करावे : प्रत्येक विद्यार्थ्याने एक लहान हत्यार संगणकावर आखावे, स्वतः बांधावे आणि बांधून झाल्यावर मोजलेली खरी मापे प्रतिरूपाशेजारी लिहून ठेवावीत. पुढच्या कारागिराला सर्वांत मोलाची माहिती आखलेल्या आणि मोजलेल्या मापांतल्या त्या फरकातच असते.