मूल होण्याविषयीचे ज्ञान : विचारणारे आणि सांगणारे

वाचकहो, कोल्हापुरात निपुत्रिकपणाची गोष्ट राजवाड्यालाही चुकली नाही. चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले, तेव्हा राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांना दत्तक घेतले. तेच आपले राजर्षी शाहू. राजघराण्याला दत्तकाची वाट होती. गरिबाघरच्या सुनेच्या वाट्याला मात्र नवस, उपास, गंडेदोरे आणि शेवटी सवत! कारण कुणाकडे आहे, हे विचारायचे तरी कुणाला?

पुढे महाराजांच्या पाठबळाने डॉक्टर झालेल्या कृष्णाबाई केळवकर इथल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आजच्या सी. पी. आर.मध्ये, काम करू लागल्या. बाईचे दुखणे बाईपाशी बोलण्याची सोय झाली.

पण त्या काळी वैद्यकालाच पुरते ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकातील कित्येक डॉक्टर गर्भधारणेला अनुकूल दिवस मासिक पाळीच्या लगतचे सांगत. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटते, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी 1920 नंतरच्या दशकात दाखवून दिले. म्हणजे बघा, जुने पुस्तक प्रमाण मानणारे जोडपे नेमके चुकीचे दिवस धरून बसत असे!

मराठीत हा विषय उघडपणे मांडला र. धों. कर्वे यांनी. त्यांचा भर संततिनियमनावर होता. पण मूल नको असणाऱ्याला आणि हवे असणाऱ्याला लागणारे शरीराचे ज्ञान एकच. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. घरात जे बोलता येत नव्हते, ते वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे छापून उत्तर देत. या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरी निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला.

शास्त्र मात्र थांबले नाही. 1978 साली इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी तसेच बाळ जन्मले.

आज पत्राची गरज राहिली नाही. रात्री दिवा मालवल्यावर सून मोबाईलवर तपासणीच्या कागदातले आकडे शोधते. नाव सांगावे लागत नाही, सासूला कळत नाही. हा लाभ थोडा नव्हे. पण कर्व्यांच्या उत्तराखाली त्यांचे नाव असे. मोबाईलवरचे उत्तर शास्त्राचे की जाहिरातीचे, हे पुष्कळदा उमगत नाही. ‘हमखास यश’ म्हणणाऱ्याने पंचविशीतली बाई आणि चाळिशीतली बाई यांना एकच आशा दाखवली, तर ती फसवणूकच होय.

इथे इतिहासाने एक वळण घेतले आहे. 1934 मध्ये कायद्याने सांगणाऱ्याला शिक्षा केली. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने न सांगणाऱ्याला जाब विचारला. यशाची शक्यता, फायदे-तोटे आणि खर्च जोडप्याला समजावून देणे आता दवाखान्यांना बंधनकारक आहे.

तेव्हा वाचकहो, जरूर वाचा. पण वाचून पडलेले प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवा. आणि जा ते दोघांनी मिळून. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण आढळते. तरी पहिली तपासणी अजून सुनेचीच होते. तेवढे बदलणे आपल्या हाती आहे.