रक्तदाबाचे माप रोग्याच्या हाती

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. घाटाखालचा प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो, आणि ह्या खोऱ्यातील पुष्कळशा विहिरींचे पाणी इतके खारट, की त्यात डाळ नीट शिजत नाही. हाच तो खारपाणपट्टा. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही तो पसरलेला आहे. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याची हाक आली, तेव्हा वऱ्हाडातील सत्याग्रहींना समुद्र गाठण्याची गरज पडली नाही; अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथील विहिरींच्या पाण्यापासूनच त्यांनी मीठ काढले. राष्ट्रकार्यास त्या पाण्याचा असा उपयोग झाला खरा, परंतु जन्मभर तेच पाणी पिणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच.

जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे गांजलेली आहेत. गावकरी दोष पाण्याला देतात. कारणे एकाहून अधिक असू शकतील. तथापि मीठ, मूत्रपिंड आणि रक्ताचा दाब ह्या तिहींचे नाते वैद्यकास अपरिचित नाही. रिचर्ड ब्राइट ह्या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मूत्रपिंड आकसलेल्या रोग्यांचे हृदय मोठे झालेले पाहिले होते. १९०४ साली पॅरिसमध्ये आंबार व बोजार ह्यांनी आहारातील मीठ आणि दाब ह्यांची सांगड घातली, आणि १९३४ साली अमेरिकेतील गोल्डब्लाट ह्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी आवळून दाब वाढतो हे प्रयोगाने दाखविले. चढलेला दाब मूत्रपिंड बिघडवितो आणि बिघडलेले मूत्रपिंड दाब आणखी चढविते, असे हे दुष्टचक्र आहे. त्यातली अडचण ही, की पाण्यातील मीठ जिभेला तत्काळ कळते. रक्तातील दाब मात्र कोणत्याही इंद्रियास कळत नाही. डोके दुखले म्हणजे ‘बीपी’ वाढली आणि दुखले नाही म्हणजे उतरली, ही सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती चूक आहे. दाब वर्षानुवर्षे चढलेला असूनही माणूस शेतात नांगर धरीत राहतो. मोजल्यावाचून तो कळावयाचा नाही.

पण मोजावयाचा कोणी? ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

आपल्याकडे शार्ङ्गधराच्या काळापासून वैद्याची तीन बोटे नाडीवर असत. नाडीची गती, तिचे बळ, तिचा ताठरपणा ही बोटे ओळखीत. परंतु बोटांना आकडा सांगता येत नव्हता. पहिला आकडा मिळाला तो एका घोडीपासून. टेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स ह्यांनी घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त सव्वाआठ फूट वर चढले. १७३३ साली हे वृत्त त्यांनी प्रसिद्ध केले. १८२८ साली प्वाझ्य ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लांब नळीऐवजी पारा वापरला आणि फुटांचे माप मिलिमीटरवर आले. तरीही रोहिणी छेदल्याशिवाय माप नाही, ही स्थिती बराच काळ टिकली. अशा उपायाने कोण मोजून घेणार!

१८९६ साली तुरीन येथील रिव्हा-रोच्ची ह्यांनी दंडाभोवती रबराचा पट्टा गुंडाळून, त्यात हवा भरून, मनगटाची नाडी लुप्त होताच पाऱ्याची उंची वाचण्याची युक्ती काढली. सायकलच्या चाकातील रबरी नळी त्यांनी पट्ट्यासाठी वापरली होती. १९०१ साली हार्वे कुशिंग ह्यांनी हे उपकरण इटलीत पाहिले आणि ते अमेरिकेस नेले. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील शल्यवैद्य कोरोत्कोव्ह ह्यांनी पानभराच्या टिपणात सांगितले, की पट्ट्याखाली नळी लावून कान दिल्यास रक्ताचे ठोके सुरू झालेले व मावळलेले दोन्ही ऐकू येतात. वरचा दाब आणि खालचा दाब हे दोन आकडे त्या टिपणापासून जगात रूढ झाले.

ह्या यंत्राचे स्वागत वैद्यांनी एकदम केले असे नाही. बोटांची कला लोपेल, ही भीती त्यांस वाटत होती. आकड्याचे मोल प्रथम ओळखले ते विमा कंपन्यांनी. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल कंपनीने १९०७ साली अर्जदारांचा दाब मोजण्यास प्रारंभ केला. ज्याला पैसे द्यावे लागतात त्याला धोका लवकर दिसतो, एवढाच ह्याचा अर्थ.

रोग्याला मात्र हा आकडा फारसा सांगितला जात नसे. सांगून उपयोगही नव्हता, कारण औषध नव्हते. १९४४ च्या मार्च महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचा दाब १८६ वर १०८ भरला. डॉ. ब्रून वारंवार दाब मोजीत; परंतु रूझवेल्ट ह्यांनी आपला आकडा कधी विचारला नाही, असे ब्रून ह्यांनीच पुढे नमूद केले आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. जगातील सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखापाशी मोजणारा होता, पण औषध नव्हते. आणि जो मोजला जात होता त्यास त्या मोजण्यात भाग नव्हता.

औषधाची वाट उघडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ सालीच तिचा हा गुण नोंदविला होता. परंतु जगाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या निबंधाने. दाब उतरविता येतो असे ठरल्यावर रोज तो किती उतरला हे पाहण्यासही अर्थ आला.

रोग्याने स्वतः मोजण्याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. १९४० साली एमन व गोल्डशाइन ह्या अमेरिकन वैद्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांस व त्यांच्या घरच्या माणसांस यंत्र वापरावयास शिकविले. घरी घेतलेले आकडे दवाखान्यातील आकड्यांहून कमी भरले. रोग्याचे मोजण्यात चुकत असेल, हा स्वाभाविक संशय होता. त्याचे निरसन १९८३ साली मिलान येथे झाले. इस्पितळातील रोग्यांच्या रोहिणीत सूक्ष्म नळी ठेवून दाब अखंड टिपला असता, डॉक्टर खाटेजवळ येताच पहिल्या काही मिनिटांत वरचा दाब सरासरी सुमारे २७ मिलिमीटर चढलेला आढळला. म्हणजे घरचा आकडा खोटा नव्हता. मोजणाऱ्याच्या आगमनानेच माप बदलत होते! ज्या मापावर औषध ठरवावयाचे, ते माप डॉक्टरने घेतल्याने बिघडत असेल, तर रोग्याच्या हाती यंत्र देणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

ह्याचा खरा कस लागला तो जपानमधील एका ग्रामीण वस्तीत. इवाते प्रांतातील ओहासामा ह्या शेतकऱ्यांच्या गावी १९८७ पासून घरोघर यंत्रे देण्यात आली. उठल्यावर तासाभराच्या आत, बसून, दाब मोजावा व लिहून ठेवावा, असा क्रम ठरला. कान लावण्याचीही आवश्यकता नव्हती, कारण पट्ट्यातील हवेचे कंप ओळखून आकडा दाखविणारी विजेची यंत्रे एव्हाना निघाली होती. वर्षे लोटली, कोण जगले व कोण दगावले ह्याची नोंद जुळवून पाहिली, तेव्हा १९९८ साली असे प्रसिद्ध झाले, की तपासणी-शिबिरात घेतलेल्या आकड्यापेक्षा शेतकऱ्याने घरी लिहिलेले आकडे भविष्य अधिक अचूक सांगतात. दवाखान्यात १४० वर ९० ही सीमा, तर घरी १३५ वर ८५, हे आज रूढ असलेले प्रमाण ठरविण्यात ह्या गावाच्या वह्यांचा मोठा आधार आहे.

घाटाखालच्या शेतकऱ्यास ओहासामाची गोष्ट दूरची वाटण्याचे कारण नाही. भारतात २०१७ साली रक्तदाब-नियंत्रणाचा जो विशेष उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील आरंभीचे जिल्हे वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग हे होते. बुलढाणा त्यांत नव्हता. वान धरणाचे गोडे पाणी नळाने खारपाणपट्ट्यात आणण्याच्या १४० गावांच्या योजनेने विहिरीवरील भार हलका करण्याचा मार्ग दाखविला. पण ज्यांनी पन्नास वर्षे खारे पाणी प्याले, त्यांच्या मूत्रपिंडाची स्थिती नळ येताच पालटत नाही. तालुक्याच्या गावी जाऊन महिन्यातून एकदा मोजलेला दाब हा त्या एका दिवसाचा, एसटीच्या धक्क्यांचा व रांगेत उभे राहण्याचा दाब असतो. तूर सोंगणीच्या दिवसांत तर तोही मोजला जात नाही.

घरी मोजण्याचे काही नियम आहेत. ते सोपे असले तरी मोडण्यासही तितकेच सोपे आहेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून पाच मिनिटे निवांत बसावे. पाय जमिनीवर सरळ, दंड हृदयाच्या पातळीवर. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे व दोन्ही आकडे लिहावे, बरा दिसेल तो एकच लिहू नये. पट्टा दंडास बसणारा हवा: सडपातळ दंडाला फार रुंद पट्टा लावला तर आकडा कमी येतो, जाड दंडाला आखूड लावला तर जास्त. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे बरे. ज्याची नाडी अनियमित पडते त्याच्या बाबतीत विजेच्या यंत्रावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पाऱ्याची यंत्रे मिनामाता कराराप्रमाणे हळूहळू मागे पडत आहेत, त्यामुळे आपले यंत्र वर्षातून एकदा दवाखान्यातील यंत्राशी पडताळून घ्यावे. आणि एका सकाळच्या चढ्या आकड्याने घाबरून औषधाची गोळी आपल्या मनाने वाढविणे, अथवा उतरलेला आकडा पाहून ती बंद करणे, ह्या दोन्ही गोष्टी घातक होत. मात्र आकडा १८० वर १२० च्या पुढे असून छातीत दुखणे, श्वास लागणे, बोलताना अडखळणे असे काही जाणवले, तर वही बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळ गाठावे लागते.

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, ह्याप्रमाणे लिहिलेले आकडे पाहताना डॉक्टर साधारणपणे पहिल्या दिवसाचे सोडून देतात व उरलेल्यांची सरासरी काढतात. वही शाळकरी पोराची जुनी असली तरी चालते. तिच्यात तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि त्या दिवशी गोळी घेतली की नाही, एवढे सहा रकाने पुरेत. अक्षरओळख नसलेल्या सासूचे आकडे सुनेने अथवा नातवाने लिहावेत. यंत्राच्या पडद्यावरील अंक त्यास वाचता येतातच. घाटाखालच्या घरांत पाण्याचा हंडा कोणत्या विहिरीचा हे जसे सर्वांस ठाऊक असते, तसा ह्या वहीतील शेवटचा आकडाही घरात एकापेक्षा अधिक माणसांना माहीत असावा.