पेठांतील विस्मृत हौद

पुणे पाहावयास पाहुणे आले म्हणजे आपण त्यांस शनिवारवाडा दाखवितो, पर्वतीस नेतो, कसब्याच्या गणपतीचे दर्शन घडवितो. ते योग्यच आहे. परंतु ज्या पाण्यावर हे शहर वाढले, त्या पाण्याची वाट आणि पेठांतील हौद दाखवावे असे क्वचितच कोणाच्या मनात येते. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी या विस्मृत वास्तूंकडे थोडे लक्ष द्यावे, एवढ्याचसाठी आम्ही हा लेखनप्रपंच मांडीत आहो.

पेशव्यांचे वास्तव्य पुण्यात स्थिरावल्यावर लोकवस्ती वाढली व पाण्याची निकड भासू लागली. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इ. स. १७५० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे तलाव बांधविला. कात्रज उंचावर व शहर सखल भागात, ही निसर्गाची देणगी ओळखून जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला गेला. यंत्र नाही, पंप नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी कित्येक मैल चालत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांच्या योगे कोंडलेली हवा बाहेर पडे. ज्या कारागिरांनी उताराचा हा हिशेब चुकू दिला नाही, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांची विद्या मात्र दगडांत उरली आहे.

हे पाणी एकट्या वाड्यापुरते नव्हते. वाटेवरील हौदांतून ते नागरिकांस मिळे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी सहज येत. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाहून सदाशिव पेठेकडे, तर रास्त्यांनी कोंढव्याहून आपल्या पेठेकडे पाणी आणविले. १८२८ साली शनिवारवाड्यातील महाल आगीत भस्मसात झाले. परंतु वाडा जळाला म्हणून हौद कोरडे पडले नाहीत. वैभव लयास गेले तरी लोकोपयोगी कार्य मागे टिकते, ही गोष्ट मुलांस शिकविण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले व हळूहळू घरोघरी नळ आले. मग हौदांची आठवण कोण ठेवतो? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पूर ओसरल्यावर शहरात पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला. त्या संकटात कात्रजच्या पाण्याचे जुने हौद पुन्हा उपयोगी पडले, असे वडीलधारी मंडळी कृतज्ञतेने सांगत.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सार्वजनिक पाणवठ्यास स्पर्श करण्याची मुभा त्या काळी सर्वांस नव्हती. अशा वेळी १८६८ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुला केला. पेशव्यांचा नळ कित्येक मैल लांब होता. परंतु या दांपत्याने जे अंतर तोडले ते त्याहून मोठे होते. एका ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्याने तर हे आधी वाचावे. आपण ज्या गावचे म्हणवितो, तेथील पाणी कोणास मिळाले व कोणास नाकारले गेले, हे न जाणता गावाचा अभिमान पुरा होत नाही.

आज काही हौद बुजले आहेत, तर काहींचे केवळ नाव चौकास उरले आहे. नव्या इमारतीचा पाया खणताना जुना नळ लागला, तर तो अडथळा समजून फोडला जाण्याचे भय आहे. फोडलेला दगड पुन्हा बोलत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने येत्या सुट्टीत मुलांस घेऊन आपल्या पेठेतील हौदाची जागा शोधावी. घरातील वृद्धांस त्याविषयी विचारावे व ते सांगतील ते वहीत उतरवून ठेवावे. वर्गणी लागत नाही, ठरावही लागत नाही. थोडे पायी चालणे व थोडे ऐकून घेणे, इतकेच लागते. अशा वह्या मंडळाकडे जमा झाल्या, तर पुढील स्मरणिकेची काही पाने त्यांनी भूषित होतील, आणि ज्या पाण्यावर आपले पूर्वज जगले त्याचे ऋण अंशतः तरी फिटेल. इत्यलम्.